रक्ताला परकं कळतं

बाभळीचा काटा पायात मोडला की काय होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, ठणकायला लागते. तिसऱ्या दिवशी पू धरतो आणि घरातली एखादी जाणती बाई सुई तापवून काटा काढते. काट्याबरोबर जंतू आत जातात हे खरंच; पण निव्वळ परकी वस्तू आत शिरली एवढ्यानंही शरीर जागं होतं. आपलं काय आणि परकं काय, हे आपल्या डोक्याच्या आधी आपल्या रक्ताला कळतं.

आता याच्या उलट विचार करून पाहा. परकी वस्तू रक्तात आली नाही, उलट रक्तच शरीराबाहेर काढलं, परक्या वस्तूंमधून फिरवलं आणि परत आत सोडलं, तर? आणि हे एकदा नव्हे, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, वर्षानुवर्षं? डायलिसिसमध्ये नेमकं हेच घडतं. आपल्या गावात, गल्लीत, नात्यात कुणी ना कुणी डायलिसिसवर असतं. त्यामुळे हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. मात्र रक्त ज्या पडद्याला टेकून जातं तो पडदा कशाचा आहे, आणि तो कशाचा आहे यानं काय फरक पडतो, याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी काही वैद्यकाचा माणूस नाही. कलाशाखेचा पदवीधर, मराठीत कविता लिहिणारा. या विषयाकडे मला माझ्या थोरल्या भावानं ओढलं. आम्ही मिरजेचे. भाईजान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर मधुमेह आणि रक्तदाबानं त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या. गेली सहा वर्षं मंगळवार आणि शनिवार असे दोन दिवस त्यांचं डायलिसिस असतं, आणि बहुतेक वेळा सोबतीला मी असतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथल्या तंत्रज्ञ मुलाला विचारलं, ‘बाळ, डिझेलचा फिल्टर वेगळा असतो, हवेचा वेगळा असतो. हा तुमचा फिल्टर कशाचा आहे?’

मुलगा हसला आणि म्हणाला, ‘काका, प्लॅस्टिकचा.’ भाईजानचं समाधान झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता तू वाच आणि मला सांग. मी वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो आणि त्यांना सांगत गेलो. त्यातलं जे मला कळलं ते असं.

डायलिसिसच्या यंत्राला एक पारदर्शक नळकांडं उभं अडकवलेलं असतं. त्याला डायलायझर म्हणतात. त्यात केसासारख्या बारीक, आतून पोकळ अशा सुमारे दहा हजार तंतूंची जुडी असते. एकेका तंतूची आतली पोकळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. हे वीत-दीड वीत लांबीचे तंतू एकापुढे एक जोडले तर दोन-अडीच किलोमीटर भरतील, आणि उलगडून पसरले तर त्यांचा पृष्ठभाग दीड-दोन चौरस मीटर होईल. तंतूंच्या आतून रक्त जातं आणि बाहेरून, उलट्या दिशेनं, क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी वाहतं. तंतूची भिंत हाच तो पडदा. त्याला इतकी सूक्ष्म भोकं असतात की युरिया, क्रिएटिनिन यांसारखी लहान घाण पलीकडे जाते; रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं अलीकडेच राहतात. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त या गतीनं चार तासांत साठ-सत्तर लिटर रक्त या तंतूंतून फिरतं. माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. म्हणजे एका बैठकीत सगळं रक्त बारा-तेरा वेळा त्या पडद्याची भेट घेऊन येतं.

या पडद्याची कहाणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. ‘डायलिसिस’ हा शब्द रसायनशास्त्रात रुजवला तो थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश शास्त्रज्ञानं, १८६१ मध्ये. चर्मपत्रासारख्या कागदातून काही पदार्थ आरपार जातात आणि काही अडतात, हे त्यानं दाखवून दिलं. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन एबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोलोडियन नावाच्या पदार्थाच्या नळ्यांतून जिवंत प्राण्याचं रक्त फिरवलं. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेला अर्क वापरला होता. १९२४ मध्ये जर्मनीत गेऑर्ग हास यानं माणसावर पहिला प्रयोग केला. पण माणूस वाचवणारं यंत्र उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमधल्या काम्पेन या लहानशा गावी. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनं लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची लांब नळी गुंडाळली, आणि ते पिंप क्षाराच्या पाण्यात फिरत ठेवलं. ही सेलोफेनची नळी मांसाच्या सॉसेजचं आवरण म्हणून बाजारात मिळत असे. १९४३ पासून त्यानं ज्यांच्यावर उपचार केले ते बहुतेक सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि जगली. ही बाई नाझींना सामील असल्याबद्दल तुरुंगात होती. गावाच्या लेखी ती शत्रूची माणूस होती. कोल्फच्या लेखी ती रुग्ण होती.

सेलोफेन म्हणजे सेल्युलोज. आणि सेल्युलोज म्हणजे कापूस, लाकूड, कागद. १९६० नंतर सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरनं पुन्हा पुन्हा रक्त काढण्या-घालण्याची सोय केली आणि डायलिसिस कायमचा उपचार झाला, तेव्हा कारखान्यांनी याच सेल्युलोजचा अधिक चांगला पडदा बनवला. त्याचं नाव क्युप्रोफॅन. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव तांबं आणि अमोनिया यांच्या द्रावणात विरघळवायची आणि तिचा पातळ पडदा ओढायचा. याच पद्धतीनं जर्मनीत कृत्रिम रेशीम निघत असे. भाईजानला हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘म्हणजे कापसाचाच फिल्टर की,’ म्हणाले. कापूस जखमेवर ठेवतात, अंगावर घालतात. त्याच्याइतकं निरुपद्रवी काय असणार?

पण रक्ताचं मत वेगळं होतं.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी होतात. पाव तासात त्या निम्म्याहूनही खाली जातात, आणि तासाभरात पुन्हा पहिल्याइतक्या, कधी कधी जास्तच दिसू लागतात. जंतूंशी लढणारं हे सैन्य जातं कुठं आणि येतं कुठून? पडद्याला चिकटून राहत असतील म्हणावं, तर पडद्यावर तितक्या सापडत नाहीत.

कोडं सुटलं १९७७ मध्ये. मिनेसोटा विद्यापीठातले फिलिप क्रॅडॉक, हॅरी जेकब आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रयोग केला. रक्तातला पेशीविरहित द्रव, म्हणजे प्लाझ्मा, त्यांनी डायलायझरच्या सेलोफेनबरोबर थोडा वेळ नुसता ठेवला. मग सेलोफेन बाजूला काढून तो प्लाझ्मा सशांना टोचला. ससे डायलिसिसवर नव्हते, त्यांच्या रक्तानं पडदा पाहिलाही नव्हता. तरी त्यांच्या पांढऱ्या पेशी तशाच नाहीशा झाल्या. फुप्फुसं तपासली तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या दिसल्या. म्हणजे पडद्यानं पेशींना थेट काही केलं नव्हतं. पडद्यानं रक्तातल्या पाण्याला काही सांगितलं होतं, आणि त्या पाण्यानं पेशींना.

हा निरोप्या कोण? त्याचं नाव कॉम्प्लिमेंट. मराठीत त्याला पूरक प्रथिनं म्हणता येईल. आपल्या रक्तात तीसेक प्रथिनांची एक साखळी सतत फिरत असते. ज्यूल बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञाला या शोधासाठी आणि प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९१९ चं नोबेल मिळालं. या साखळीतला मधला दुवा म्हणजे सी-थ्री. गंमत अशी की, सी-थ्री कुणी हाक मारायची वाट पाहत नाही. त्याचे थोडे थोडे रेणू सदासर्वकाळ आपोआप फुटत असतात आणि जे समोर येईल त्याला चिकटून पाहतात. रात्री गस्त घालणारा शिपाई जसा प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो, तसं. आपल्या स्वतःच्या पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काही पहारेकरी प्रथिनं असतात. ती सी-थ्रीला सांगतात, ‘बाबा, घरचेच आहोत, पुढे जा.’ जंतूच्या भिंतीवर असं सांगणारं कुणी नसतं. तिथं सी-थ्री घट्ट रुतून बसतो, आणखी प्रथिनांना बोलावतो, आणि बघता बघता साखळी पेट घेते.

सेल्युलोजवरही नेमकं हेच होतं. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ. जंतूंच्या भिंतींवरही अशाच साखरेच्या माळा असतात. सेल्युलोजच्या प्रत्येक मण्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, उघडे असतात आणि सी-थ्रीला बसायला आयती जागा मिळते. साखळी पेटली की तिच्यातून छोटे तुकडे सुटतात. त्यांतला सी-फाइव्ह-ए हा तुकडा पांढऱ्या पेशींना चेतवतो. त्या चिकट होतात, एकमेकींना धरतात. डायलायझरमधून परतणारं रक्त शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसांत जातं. वाटेत लागणाऱ्या पहिल्या बारीक नळ्या फुप्फुसातल्याच. चिकट झालेल्या पेशी तिथंच अडकतात. तासाभरात तुकडे निष्प्रभ होतात, पेशी सुटतात आणि मोजणीत पुन्हा दिसू लागतात.

बहुतेकांना हे जाणवतही नसे. काहींना मात्र पहिल्या अर्ध्या तासात छाती भरल्यासारखी होई, पाठ दुखे, धाप लागे. नवा डायलायझर लावला की हे जास्त होई. म्हणून या त्रासाला ‘पहिल्या वापराचा त्रास’ असं नावच पडलं.

खरा प्रश्न त्या एका तासाचा नाही. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षातून दीडशेहून अधिक वेळा शरीर जंतूचा हल्ला झाल्यासारखं उठतं आणि समोर जंतू नसतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. किडनीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मुळात रक्तात साठलेल्या घाणीनं मंदावलेली असते. त्यात ही खोटी हाकाटी. परिणाम दुहेरी होतो. एकीकडे शरीरात मंद दाह कायम धुमसत राहतो. त्यानं भूक मरते, अंग झडतं, रक्तवाहिन्या कडक होतात. दुसरीकडे खरा जंतू आला की सैन्य हवं तसं लढत नाही. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हृदयविकारानंतर मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण जंतुसंसर्ग हे आहे. कावीळ ‘बी’ची लसही त्यांना दुप्पट मात्रेत द्यावी लागते, कारण साध्या मात्रेला शरीर पुरेसं उत्तर देत नाही. या सगळ्याचा दोष एकट्या पडद्यावर टाकता येणार नाही, पण वाटा त्याचाही असतो.

जुन्या पडद्याचा आणखी एक उणेपणा होता. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर ओळखपत्रासारखी एक खूण असते. त्या खुणेचा एक भाग म्हणजे बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं छोटं प्रथिन. ते सुटून रक्तात येतं आणि निरोगी किडनी ते काढून टाकते. क्युप्रोफॅनची भोकं त्याच्यासाठी फार लहान होती. दहा-पंधरा वर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या मनगटांत, खांद्यांत, हाडांत काहीतरी साठायचं. बोटांना मुंग्या यायच्या, मूठ वळायची नाही. हे साठणारं द्रव्य म्हणजे हेच प्रथिन, असं १९८५ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलं. पेशीचं ओळखपत्रच सांध्यात अडकून बसावं, यातला विरोधाभास कवी म्हणून मला विसरता येत नाही. पण ज्याला शर्टाची गुंडी लावता येत नाही, त्याला त्यात काव्य कुठून दिसणार?

मग यावर उपाय काय झाले? पहिला उपाय सोपा. सेल्युलोजवरचे ते उघडे गट झाकून टाकायचे. त्यांच्या जागी ॲसिटेट बसवलं की सी-थ्रीची बसायची जागा कमी होते. सेल्युलोज डायॲसिटेट, ट्रायॲसिटेट हे पडदे असे आले. दुसरा उपाय, सेल्युलोज सोडूनच द्यायचं आणि कारखान्यात बनवलेलं प्लॅस्टिक वापरायचं. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, पॉलिमिथाइलमेथाक्रिलेट, पॉलिसल्फोन ही त्यांची जड नावं. १९८० च्या दशकात पॉलिसल्फोनचे तंतू आले आणि आज जगभर बहुतेक डायलायझर त्याच कुळातल्या पडद्यांचे असतात. त्यांच्यावर साखळी फारच कमी पेटते. भोकं मोठी ठेवता येतात, त्यामुळे ते मायक्रोग्लोब्युलिनही बाहेर काढता येतं. आमच्या भाईजानच्या नळकांड्यातही हेच पॉलिसल्फोन आहे. तंत्रज्ञ मुलगा म्हणाला ते बरोबरच होतं. फक्त ‘प्लॅस्टिक’ या शब्दामागं इतका इतिहास आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. एक पॉलिअॅक्रिलोनायट्राइलचा पडदा आहे, एएन-६९ नावाचा. कॉम्प्लिमेंटच्या परीक्षेत तो छान पास झाला. पण १९९० च्या सुमारास युरोपातून बातम्या आल्या, की या पडद्यावर डायलिसिस सुरू होताच काही रुग्णांचा रक्तदाब कोसळतो, चेहरा, ओठ आणि घसा सुजतो, श्वास कोंडतो. शोध घेतला तेव्हा कळलं, की हे रुग्ण रक्तदाबाच्या एका विशिष्ट जातीच्या गोळ्या घेत होते. त्या जातीच्या औषधांची नावं ‘प्रिल’नं संपतात: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. त्या पडद्यावर ऋण विद्युतभार दाट असतो. त्याला रक्त टेकलं की ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. एरवी शरीर तो क्षणात मोडून टाकतं. पण तो मोडणारं विकरच या गोळ्या थांबवून ठेवतात. पडदा एकटा निर्दोष, गोळी एकटी निर्दोष. दोघं एकत्र आली की घात. तेव्हापासून ही जोडी टाळावी, असं डॉक्टरांना शिकवलं जातं.

तशीच गोष्ट इथिलीन ऑक्साइडची. डायलायझर निर्जंतुक करण्यासाठी हा वायू वापरत. त्याचा अंश आत राहिला की काही रुग्णांचं शरीर त्याच्यावर उठे. ॲलर्जीच ती. म्हणून आता बरेच डायलायझर वाफेनं किंवा किरणांनी निर्जंतुक करतात.

आणि मग पाणी. एकदा भाईजानच्या पाळीतल्या चौघांना एकाच वेळी हुडहुडी भरली. ते केंद्र कोणतं, हे सांगण्यात आता अर्थ नाही. धावपळ झाली, गोधड्या घातल्या, इंजेक्शनं दिली. जो तो आपल्या रुग्णाकडे बघत होता. भाईजान कापत कापत म्हणाले, ‘चार गाड्या एकदम बंद पडल्या तर दोष गाडीत नसतो, डिझेलमध्ये असतो.’ नंतर पाण्याची टाकी आणि नळ्या साफ केल्या आणि तो प्रकार थांबला. एका बैठकीला पडद्याच्या पलीकडून सुमारे १२० लिटर पाणी वाहतं. तुम्ही-आम्ही एवढं पाणी महिना-दीड महिन्यात पितो. त्या पाण्यात मेलेल्या जंतूंच्या भिंतींचे तुकडे असले, तर ते पडद्यातून उलटे रक्तात शिरू शकतात आणि पांढऱ्या पेशींना इंटरल्युकिन नावाचे तापाचे निरोप सोडायला लावतात. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे गृहीतक मांडलं, आणि तेव्हापासून पडद्याइतकंच पाण्याकडे लक्ष द्यायला हवं हे जगाला पटत गेलं. मोठ्या भोकांच्या पडद्याला तर पाणी अधिकच शुद्ध लागतं.

आता ज्या माणसाबद्दल सांगायचा मला मोह आवरत नाही, त्याच्याकडे वळतो. लिओ फ्रोमान. १९१५ मध्ये हॉलंडमध्ये जन्मला. १९४० मध्ये जर्मन आले तेव्हा तो शिडाच्या बोटीतून इंग्लंडला निसटला, तिथून डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेला. तिथं जपान्यांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत छावण्यांत राहिला. पुढं अमेरिकेत स्थायिक झाला. वाग्दत्त वधूला तो सात वर्षांनी, १९४७ मध्ये भेटला आणि तेव्हा त्यांचं लग्न झालं. हा माणूस डच भाषेतला मोठा कवी. तिथला मानाचा हूफ्ट पुरस्कार त्याला १९६४ मध्ये मिळाला. आणि पोटापाण्याचा व्यवसाय? रक्त परक्या पृष्ठभागाला टेकलं की पहिल्या क्षणांत काय होतं, याचं संशोधन.

त्यानं जे पाहिलं त्याला आज ‘फ्रोमान परिणाम’ म्हणतात. रक्त कुठल्याही परक्या वस्तूला लागलं की आधी त्याच्यातली संख्येनं जास्त आणि चपळ प्रथिनं तिच्यावर जाऊन बसतात. थोड्या वेळानं दुसरी येतात, ज्यांची त्या पृष्ठभागाशी पकड अधिक घट्ट असते. ती पहिल्यांना उठवतात. मग तिसरी. मुशायऱ्यात पुढच्या रांगेत लवकर येऊन बसलेल्यांना मानकरी आल्यावर उठावं लागतं, तसं. याचा अर्थ असा, की रक्तपेशीला खरा पडदा कधी भेटतच नाही. तिला भेटतो तो पडद्यावर आपल्याच प्रथिनांनी घातलेला गालिचा. पडदा कशाचा आहे यावर गालिचा कसा पडेल हे ठरतं, आणि गालिच्यावरून शरीर ठरवतं, की हा आपला की परका.

एक जुनं निरीक्षण यामुळे उलगडतं. आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी एकाच रुग्णाचा डायलायझर धुऊन त्याच्यासाठीच पुन्हा वापरतात. क्युप्रोफॅनच्या काळात असं दिसलं होतं, की दुसऱ्या-तिसऱ्या वापराला पांढऱ्या पेशी कमी पडत नाहीत, छातीतला त्रासही होत नाही. कारण पहिल्या वापरात पडद्यावर रुग्णाच्याच प्रथिनांचा थर बसलेला असतो. ब्लीचनं खसखसून धुतलं की थर निघतो आणि त्रास पुन्हा सुरू. यावरून फेरवापर चांगला, असं कुणी समजू नये. धुण्याच्या रसायनांचे, जंतूंचे, अदलाबदलीचे धोके त्यात आहेतच. आजच्या पडद्यांना त्या थराची तेवढी गरजही नाही. पण रक्तानं स्वतःच परक्याला आपलं कापड पांघरावं आणि मग त्याला त्रास देणं सोडावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या सगळ्यानं माणसं जास्त जगतात का? हा भाईजानचा शेवटचा आणि खरा प्रश्न होता. उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. अमेरिकेत १८४६ रुग्णांवर झालेल्या ‘हेमो’ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. लहान भोकांच्या आणि मोठ्या भोकांच्या पडद्यांत एकूण मृत्यूंचा लक्षणीय फरक दिसला नाही. सेल्युलोज आणि कृत्रिम पडदे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही आयुष्य वाढल्याचा ठाम पुरावा हाती लागला नाही. पुढं २०२३ मध्ये युरोपातला ‘कन्व्हिन्स’ अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या भोकांच्या पडद्यातून नुसतं डायलिसिस करण्याऐवजी भरपूर शुद्ध द्रव रक्तात घालून तो पडद्यातून ओढून काढायचा, ही हीमोडायफिल्ट्रेशनची पद्धत त्यात तपासली. १३६० रुग्णांत मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २१.९ टक्के आणि या पद्धतीत १७.३ टक्के होतं. फरक आहे, पण त्यासाठी अतिशुद्ध पाणी आणि चांगलं यंत्र लागतं.

म्हणून ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांना माझं सांगणं साधं आहे. पडद्याचं नाव विचारा. डायलायझरवर ते लिहिलेलं असतं. रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्यांची यादी केंद्रात दाखवा. पहिल्या अर्ध्या तासात खाज, घशाशी आवळल्यासारखं, छातीत जड वाटलं तर ‘होईल बरं’ म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. पाण्याची तपासणी कधी झाली, हे विचारायला लाजू नका. काविळीची लस पूर्ण करा. आणि जमेल तेव्हा मानेतल्या नळीऐवजी हातावर फिस्टुला करून घ्या. नळी हीसुद्धा परकी वस्तूच. तिच्यावाटे जंतू थेट रक्तात जातात. फिस्टुला म्हणजे स्वतःचीच धमनी आणि स्वतःचीच शीर जोडलेली. तिथं शरीराला भांडायला कारण उरत नाही. २०१६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय डायलिसिस योजना आहे, आपल्या राज्यात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. उपचार मोफत मिळाला म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही.

भाईजाननी एसटीतली सवय सोडलेली नाही. त्यांच्या उशाशी एक वही असते. तारीख, वजन, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब, डायलायझरचा कितवा वापर, आणि तंतूंतली पोकळी मोजून आलेला आकडा. नव्याच्या ऐंशी टक्क्यांखाली तो आकडा आला की नळकांडं बदलायचं असतं, हे त्यांना पाठ आहे. गेल्या शनिवारी त्यांनी वही त्या तंत्रज्ञ मुलापुढं धरली आणि म्हणाले, ‘बाळ, हा ब्याऐंशीवर आलाय. पुढच्या वेळी नवा काढून ठेव.’ मुलानं आकडा पाहिला आणि आपल्या रजिस्टरमध्ये लिहून घेतला.